एकाची किंमत शून्य धरा

…नाही नाही, शून्य धरायला माझी काही हरकत नाही हो, धरा ना, खुशाल धरा, पण ज्याला धरायचं त्याला एकदा विचाराल की नाही? दिसला एक्स, धर शून्य! दिसला वाय, धर शून्य! त्या बिचाऱ्यांनी काय घोडं मारलंय तुमचं? बरं, एवढं करून वर काय म्हणायचं, तर "आई, एकाची किंमत शून्य धरा, दुसऱ्याची आपोआप कळते!" हे कोण म्हणतंय? माझी सून. कुणाला म्हणतेय? मला. सासूला! माझ्याच घरात, माझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मला समोर बसवून, हातात पट्टी घेऊन! आता तुम्हीच सांगा, सासूनं याचा काय अर्थ घ्यायचा?

तुम्ही म्हणाल, या वयात हिला एक्स-वायचं काय पडलंय. अहो, मला कुठं पडलं होतं! माझं आपलं बरं चाललं होतं. मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत आहे मी, तळघरात. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट, ऑपरेशनचे हिरवे कपडे, सगळं वरून मळून खाली येतं आणि खालून घडी होऊन वर जातं, आणि मधे आम्ही बायका, वाफेत. खिडकी नाही. बाहेर ऊन आहे की पाऊस, ते वरून येणाऱ्या माणसाच्या बुटांकडे बघून ओळखायचं. तर झालं काय, आमच्या मुख्य बाई रिटायर झाल्या. त्यांची खोली पहिल्या मजल्यावर, खिडकीवाली, आणि खुर्ची कशी, तर गोल फिरणारी! सगळ्या म्हणाल्या, आता तुम्हीच. मीसुद्धा मनातल्या मनात त्या खुर्चीत दोन गिरक्या मारून आले. तर आमचे साहेब… नाकातून बोलतात ते… म्हणाले, "बाई, तुमचं काम चोखच आहे हो, पण काय आहे ना, या जागेला दहावी पास लागतं." आणि माझं गणित राहिलेलं! बाकी सगळे विषय सुटले, गणित तेवढं अडकलं, ते अडकलंच, मग लग्न झालं, मग मुलगा झाला, मग वाफ. साहेब म्हणाले, "द्या की परीक्षा. तोवर जागा रिकामी ठेवतो. नाहीतर मग आपल्या चष्मेवाल्या बाई आहेतच."

चष्मेवाली! जिला अजून कोपऱ्यांना इलास्टिक असलेल्या चादरीची घडी येत नाही, नुसतं बोचकं करते आणि वरून थोपटते! ती त्या खुर्चीत बसणार, मला खालून बोलावणार आणि चष्मा वर करून विचारणार, "अहो, ही घडी जरा कशी घालतात हो?" नाही. मी मरेन पण हे ऐकणार नाही. भरला मी फॉर्म.

आता गणिताची शिक्षिका शोधायला लांब जायला नको, घरातच आहे. सून शाळेत गणित शिकवते. शेजारपाजारचे म्हणाले, काय नशीब काढलंत! नशीब? अहो, ही शाळेत पोरांवर ओरडून ओरडून घसा बसवून घेते आणि घरी माझ्याशी मात्र इतकं गोड बोलते, इतकं गोड, की ऐकणाऱ्याला साखरेचा त्रास व्हावा. "आई, चुकलंय हं, पण छान चुकलंय." छान चुकलंय! मी सासू आहे की बालवाडी?

पहिल्या दिवशी तिनं चौकटींचा कागद पुढं ठेवला. एक आडवी रेघ, एक उभी. "आई, आडवा तो एक्स-अक्ष, उभा तो वाय-अक्ष, आणि दोघं भेटतात तो आरंभबिंदू." बरं. "आता हे समीकरण. दोन एक्स अधिक तीन वाय बरोबर बारा. ही एक सरळ रेघ आहे." मी कागद तिरका करून पाहिला, उलटा करून पाहिला, डोळे चोळून पाहिला. आकडे दिसतायत, अक्षरं दिसतायत, रेघ कुठाय? "आहे आई, ती आपल्याला काढायचीय. सरळ रेघेला दोन बिंदू पुरतात. चला, आधी एक्सची किंमत…" मी म्हटलं, अगं, आल्या आल्या किंमत काय काढतेस त्याची, जरा ओळख तरी होऊ दे! तर हसली. म्हणाली, "काढायची नाही आई, शून्य धरायची. म्हणजे राहिलं तीन वाय बरोबर बारा. वाय किती?" चार, मी म्हटलं, एवढं मला येतं. "वा! आता वायची शून्य धरा. दोन एक्स बरोबर बारा. एक्स?" सहा. "झालं की! एक बिंदू शून्य-चार, दुसरा सहा-शून्य. मांडा, पट्टी लावा, जोडा. बघितलंत? एकाची किंमत शून्य धरा, दुसऱ्याची आपोआप कळते."

झालं? अहो, एवढ्यात झालं असतं तर मी तेव्हाच नसते का पास झाले! मांडायला गेले आणि घोळ. शून्य-चार. शून्य कुणाला केलं आपण? एक्सला. मग त्या बिचाऱ्याचा अपमान केलाय तर बिंदू निदान त्याच्या दारात तरी नको का द्यायला? मी दिला ठिपका आडव्या रेघेवर, चारपाशी. "नाही आई, उभ्या रेघेवर." का? "कारण एक्स शून्य आहे." एक्स शून्य, म्हणून वायच्या घरी? "हो." हा कुठला न्याय! शून्य याला करायचं आणि पाहुणचार त्याच्याकडे! तिनं पुसलं, मी दिला. तिनं पुसलं, मी परत दिला. कागदाला भोक पडायची वेळ आली तेव्हा ती पट्टी खाली ठेवून म्हणाली, "आई, तुमच्या हॉस्पिटलात लिफ्ट आहे ना?"

आहे. मग?

"लिफ्ट म्हणजे वाय. तळमजल्यावरचा लांब पॅसेज म्हणजे एक्स. तुम्ही लिफ्टच्या दारात उभ्या आहात, तो आरंभबिंदू. एक्स शून्य म्हणजे पॅसेजमधे पाऊल टाकायचं नाही. मग जाणार कुठं? लिफ्टनं वर, चौथ्या मजल्यावर. आणि वाय शून्य म्हणजे लिफ्टला हात लावायचा नाही, मग चाला पॅसेजमधून सहा पावलं."

आता हे आधी सांगायला काय झालं होतं! लिफ्ट म्हटल्यावर मला सगळं कळलं. कळलं ते कळलं, पण दुसऱ्या दिवशी काय? एक्स वजा दोन वाय बरोबर चार. एक्स शून्य धरला, तर वाय आला उणे दोन. उणे दोन मजल्यावर कुठं जायचं? "खाली, आई. उणे म्हणजे तळघर." तळघर? म्हणजे आमची लाँड्री? "हो, ती उणे एक," ही म्हणाली, अगदी सहज, खडू झटकावा तसं! जन्म घालवला हो मी तिथं… उणे एक! माझा चेहरा बघून लगेच, "नाही म्हणजे आई, फक्त आलेखात…" पण बसलं ते मनात. उणे एकवर मी. अधिक एकवर ती खुर्ची. आणि मधे हे गणित आडवं पडलेलं.

मग मला काही सुचेना. चैन म्हणून नाही. चादर चौघडी घातलेली असते ना, ती उघडली की मधोमध एक आडवी घडी, एक उभी घडी, मला आरंभबिंदू दिसायला लागला! वाफेच्या इस्त्रीखाली चादर घालायची आणि मी बोटानं ठिपके देतेय, शून्य-चार, सहा-शून्य… चष्मेवाली बघते, "अहो, डाग आहे का काही?" मी म्हटलं, डाग नाही, रेघ आहे, तुम्हाला नाही दिसायची. घरी आले तर जिना चढताना मजले मोजतेय. भांडी घासताना पाण्यात एक्स. आणि उठताबसता ते कानात, एकाची किंमत शून्य धरा, दुसऱ्याची आपोआप कळते… बरं, हे आमच्या चिरंजिवांना कुणी शिकवावं लागलं नाही बरं का! त्याचं लग्न झाल्यापासून हेच चाललंय. मी बोलत असले की बायकोची किंमत शून्य, बायको बोलत असली की माझी शून्य, आणि त्याचं आपलं छान आपोआप निघतंय!

आणि आली परीक्षा. आदल्या संध्याकाळी टेबलाशी आम्ही दोघी. माझी सगळी उदाहरणं बरोबर आलेली, एकदाही छान चुकलं नव्हतं! ही खूश. म्हणाली, "आई, आता एकच शेवटचं राहिलं. कधी कधी काय होतं, एक्स शून्य धरला तर वायसुद्धा शून्यच येतो. वाय शून्य धरला तर एक्सपण शून्य. दोन्हीकडे शून्य. तेव्हा…"

आणि नेमके तेव्हाच आमचे चिरंजीव कपाटात डोकं घालून ओरडले, "माझा निळा शर्ट कुठाय?"

आणि ही, मान वर न करता, "अरे, बाहेर लाँड्रीत दिलाय."

बाहेर. लाँड्रीत.

तुम्हाला सांगते, मी अर्ध्या शहराच्या चादरी धुते, मोठमोठ्या डॉक्टरांच्या कॉलरी माझ्या हातून कडक होऊन जातात, आणि माझ्या पोटच्या पोराचा शर्ट कोपऱ्यावरच्या त्या दुकानात? जो बटणं तोडून परत देतो त्याच्याकडे? मी म्हटलं, का ग, या घरात आता माझी एवढीही किंमत राहिली नाही का? "आई, तसं नाही हो, आधी हे ऐका ना, तेव्हा…" मी म्हटलं, तेव्हा काय आणि केव्हा काय, तुझं तू बघ! आणि उठले. पेन्सिल आपटली, कंपासपेटी बंद केली, खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. बाहेरून मुलाचा आवाज, "काय झालं? शर्ट कुठल्या लाँड्रीत?" त्याला शर्टाचंच पडलेलं!

सकाळी मी बोलले नाही. तीही बोलली नाही. चहा झाला तो मुक्यानं. मी पिशवी घेतली, निघाले, बसमधे चढले, खिडकीशी बसले, तर ही आपली मागून धावत, पायात एक चप्पल बाथरूमची, "आई! आई! दोन्हीकडे शून्य आलं तर… तेव्हा कोणतीही एक…" आणि बस सुटली! कोणतीही एक काय? मी खिडकीतून मान बाहेर काढून ओरडले, कोणतीही एक काय? ती हात हलवतेय, तोंड हलवतेय, आणि शेजारची बाई मला सांगतेय, "जाऊ द्या हो मावशी, टाटा करतेय."

परीक्षेच्या शाळेच्या दारात शिपाई. "पालकांनी गेटबाहेर थांबायचं." मी हॉलतिकीट दाखवलं. त्यानं फोटो पाहिला, मला पाहिलं, परत फोटो पाहिला. मी म्हटलं, आज मीच माझी पालक, सोडा आत. बाक एवढासा, गुडघे हनुवटीला लागलेले, आजूबाजूला सगळी मिसरूड न फुटलेली मुलं आणि दोन वेण्यांच्या मुली, आणि मधे मी. पेपर आला. बेरजा झाल्या, त्रिकोण झाला, वर्तुळ आपलं कसंतरी झालं… पान उलटलं आणि बघते तर काय!

तीन एक्स वजा दोन वाय बरोबर शून्य. आलेख काढा.

म्हटलं, या! एकाची किंमत शून्य धरा. एक्स शून्य. उणे दोन वाय बरोबर शून्य. वाय शून्य. बरं, दुसऱ्याची धरा. वाय शून्य. तीन एक्स बरोबर शून्य. एक्स शून्य. शून्य-शून्य आणि परत शून्य-शून्य! अहो, दोन बिंदू म्हणाली होती ना ही? हा तर एकच! मी तो दिला, नीट दिला. मग वाटलं, दुसरा म्हणून त्यावरच अजून एक देऊ. दिला. मोठा ठिपका झाला, पण झाला एकच! पट्टी लावली त्याला, तर पट्टी गोल फिरतेय, अशी लावली तरी चालतेय, तशी लावली तरी चालतेय, मुख्य बाईंच्या त्या खुर्चीसारखी! पर्यवेक्षिका बाई जवळ आल्या, "काकू, पट्टी का फिरवताय?" मी म्हटलं, मी नाही फिरवत, तीच फिरतेय. "हळू जरा, कागद फाटेल."

आणि डोक्यात काय, तर कोणतीही एक… कोणतीही एक काय ग बाई? कोणतीही एक रेघ? कोणतीही एक देवाची प्रार्थना? शेजारचा मुलगा पुरवणी मागतोय, घड्याळ धावतंय, आणि मला डोळ्यांपुढं चष्मेवाली दिसतेय, त्या खुर्चीत, चादरीचं बोचकं मांडीवर घेऊन थोपटत बसलेली! राग आला मला. कुणाचा म्हणाल? शर्टाचा! त्या एका शर्टापायी अर्धं वाक्य राहिलं घरी. दोघीही आपापल्या जागी फुगून बसलेल्या, हिकडं शून्य, तिकडं शून्य…

म्हटलं, थांब. लिफ्ट. मी उभी कुठं आहे? लिफ्टच्या दारात. एक्स शून्य, वाय शून्य, ना पॅसेजमधे, ना वर. आणि उभी राहून वाट बघतेय! कशाची? दार उघडायची? अगं बाई, नुसती उभी राहून कोण कुठं पोचलंय? दोन पावलं चाल की! शून्य धरून भागत नाही ना, मग नको धरू शून्य. एक्सला दोन दे. दिले. सहा वजा दोन वाय बरोबर शून्य. दोन वाय बरोबर सहा. वाय तीन! दोन पावलं पॅसेजमधे, तीन मजले वर! दिला ठिपका, लावली पट्टी, आणि तुम्हाला सांगते, पट्टी फिरायची थांबली. सरळ रेघ. अशी कडक, जशी कॉलर.

घरी आले तर ही दारातच. कामावर गेली नव्हती, जेवली नव्हती. "आई, दोन्हीकडे शून्य आलं होतं का?" आलं होतं. तिचा चेहरा पडला. "मग?" मी म्हटलं, मग काय, दिले दोन एक्सला. ती एकदम रडायलाच लागली हो, टेबलाला टेकून, आणि रडता रडता म्हणते, "हेच… हेच सांगत होते मी… तेव्हा कोणतीही एक किंमत द्यायची, आई. शून्य सोडून कोणतीही."

किंमत द्यायची. एवढंच?

"एवढंच."

मग ते आधी नाही सांगायचं?

"सांगू दिलंत कुठं?" नाक पुसत म्हणाली. "आणि शर्ट मी बाहेर दिला, कारण घरात दिसला असता तर तुम्ही पुस्तक ठेवून इस्त्री घेऊन बसला असता. बसला असता की नाही?"

बसले असते. मी तिला पाणी दिलं. मग म्हटलं, जेव आधी. मग दोघी जेवलो. मला वाईट वाटलं, वाटलंच, पण तोंडानं कोण सांगणार!

निकाल लागला. पास. अगदी काठावर, पण काठ म्हणजे आतच की! पेपर तपासणाऱ्यानं त्या एका रेघेचे मार्क दिले म्हणून. साहेबांनी जागा दिली. खुर्चीत बसले, दोन गिरक्या मारल्या, डोकं गरगरलं, आता एका जागी बसते. चष्मेवालीला वर बोलावून घडी शिकवली, अजून बोचकंच करते.

पण मी परीक्षेच्या त्या दिवशी एक गोष्ट ठरवून बसले. ठरवायला नको होती, पण ठरवली. सुनेला म्हटलं, आजपासून तुझं वाक्य पुरं झाल्याशिवाय मी जागेवरून उठणार नाही. काय बोलायचंय ते बोल, शेवटपर्यंत ऐकेन. अहो, मला काय माहीत, इतकी वर्षं ही वाक्यं अर्धीच गिळत होती म्हणून! एकेक साठवलेलं! आज सुट्टी, सकाळी चहाला बसलो, म्हणाली, "आई, एक सांगू?" मी म्हटलं, सांग. तेव्हापासून सांगतेय. लग्नाच्या वेळच्या साडीपासून निघाली, पडद्यांपर्यंत आली, मधे मी तिला लावलेली दोन बोलणी, तिच्या आईला लावलेलं तिसरं, पूर्णविराम म्हणून नाही! आणि मी शब्द दिलेला, उठता येत नाही, पाय आखडले. आत्ता श्वास घ्यायला थांबली, तेवढ्यात कचरा टाकायच्या निमित्तानं बाहेर सटकले, म्हणून तुमच्याशी चार शब्द तरी बोलायला मिळाले…

जाते हं. "आणि"वर थांबलीय ती.